कुलधरा: भुतांच्या गावी सहकुटुंब, सहपरिवार, सहडबे

मेतकूट_भात
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून गाडीने जैसलमेरला जाऊन आलो. किल्ला, हवेल्या, सम गावची वाळू, उंटावरून पडणे वगैरे विषयांवर इथे ढिगाने धागे आहेत, त्यात भर घालत नाही. हा धागा फक्त कुलधऱ्यापुरता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जैसलमेरपासून साधारण १८ किमीवर पालीवाल ब्राह्मणांचं हे जुनं गाव. दगडी घरांच्या रांगा, सरळ रस्ते, मधोमध देऊळ, आणि माणूस एक नाही. कथा अशी की जैसलमेरचा दिवाण सालिम सिंग याची नजर गावच्या मुखियाच्या मुलीवर गेली, त्याने मुदत दिली, आणि पालीवालांनी मुलगी देण्याऐवजी एका रात्रीत ८४ गावं रिकामी केली. जाताना शाप दिला: इथे पुन्हा कुणी वसणार नाही.

आता आमची वरात. गाडीत नवरा (चालक), मी (चालकाला जागं ठेवणे, शिवाय डबे), सासूबाई, आठवीतली लेक, भाचा (इंजिनिअरिंगला आहे असं म्हणतात, आम्ही त्याला फक्त रील करताना पाहिलंय) आणि नवऱ्याचे मामा. मामांचा मोबाइलवरच्या नकाशावर विश्वास नाही. जैसलमेर चारशे किमी लांब असल्यापासून ते दर फाट्यावर काच खाली करायचे आणि विचारायचे, "भाईसाब, ये जैसलमेर का रस्ता बरोबर है ना?" सांचोरला एका माणसाने शांतपणे उत्तर दिलं, "है तो सही, पर आज नहीं पहुँचोगे."

हे भुताचं गाव आहे ही गोष्ट सासूबाईंपासून लपवायचं ठरलं होतं. "जुनं गाव आहे, देऊळ आहे," एवढंच सांगितलेलं. भाच्याने हॉटेलात नाश्त्यालाच "आजी, आज तुला भूत दाखवतो" म्हणून घात केला. सासूबाई काही न बोलता उठल्या, खोलीत गेल्या आणि अंगाऱ्याची पुडी घेऊन आल्या. सगळ्यांच्या कपाळाला लावला, भाच्याच्या मोबाइलला लावला, खाली जाऊन गाडीच्या बॉनेटलाही लावला. पार्किंगवाला हात जोडून उभा राहिला.

कुलधऱ्यात पोचलो तेव्हा भर दुपार. भाचा पुढे, मोबाइल समोर, आवाज घोगरा करून, "दोस्तों, इस गाँव में दो सौ साल से किसी इंसान की आवाज़ नहीं सुनी गई..." आणि तेवढ्यात शेजारच्या पडक्या घरातून स्पष्ट आवाज आला:

"अहो, उन्हात काय उभे राहिलात, इकडे सावलीत या की!"

भाचा जो पळाला तो थेट फाटकापाशी. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मराठी बोलतंय, म्हणजे आपलंच असणार." आत नाशिकची मंडळी सतरंजी पसरून भडंग खात बसली होती. मामांची आणि त्यांच्यातल्या एका काकांची पंधरा मिनिटांत ओळख निघाली, दोघेही एकाच साहेबाच्या हाताखाली वेगवेगळ्या वर्षी त्रासलेले.

तर प्रश्न दोन. एक, ही एका रात्रीत गाव सोडल्याची गोष्ट खरी आहे का? आमच्या गाइडने सांगितली तेव्हा ठाम वाटली, पण परतताना चहावाल्याने वेगळीच सांगितली. दुसरा, जानेवारीत दीर-जाऊबाई चाललेत, त्यांना जैसलमेरात जेमतेम एक पूर्ण दिवस मिळणार आहे. त्यात कुलधरा बसवावं का? माझं मत: भुतासाठी जाऊ नये, गावासाठी जावं. नवऱ्याचं मत: नुसते दगड आहेत.

चहाबाज
पहिला!
भुताने भडंग दिलं म्हणजे भूत सांगलीचं असणार. नाशिकची मंडळी चिवडा खातात.

वऱ्हाडी_ठेचा
काय राजेहो, हजारावर किमी जाऊन नाशिकच्याच लोकाईले भेटले. आमच्या अकोल्यात या, एप्रिलच्या दुपारी अख्खं शहर कुलधरा असते. शाप नाही, ४५ डिग्री.

वाचनवेडा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. निदान एका रात्रीत तरी नाही.

अलीगढच्या एका इतिहासकाराने १९९०च्या दशकात तिथल्या अवशेषांचा आणि लेखांचा अभ्यास केला आहे. गावाजवळच्या स्मशानात देवळ्या, म्हणजे आपल्याकडच्या वीरगळांसारखे स्मृतिदगड, आहेत. त्यातले सर्वांत जुने तेराव्या शतकातले, १२३५ आणि १२३८ या सालांचे. म्हणजे गाव किमान तेवढं जुनं. लोकसंख्येचे जे अंदाज निघतात ते असे: १८१५च्या सुमारास साधारण ८००, आणि १८९०मध्ये ३७.

सदतीस! एका रात्रीत रिकाम्या झालेल्या, शापित गावात पुढे कित्येक वर्षांनी ३७ माणसं नांदत होती. ती भुतं असतील तर त्यांची शिरगणती करणाऱ्याला शौर्यपदक द्यायला हवं होतं.

विहिरींचंही तसंच. १८१५पर्यंत बहुतेक आटल्या होत्या आणि १८५०च्या सुमारास एक पायविहीर आणि दोन खोल विहिरी तेवढ्या चालू होत्या. पाणी गेलं, माणसं गेली. हळूहळू.

श्रद्धा_सबुरी
वाचनवेडा, तुम्ही प्रत्येक धाग्यावर येऊन गोष्टीतली हवा काढता. गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते म्हणजे तिच्यात काहीतरी असणारच. पाणी आटलं म्हणून लोक गेले तर ८४ गावं एकदमच का गेली? आणि मग आजतागायत तिथे कुणी का वसत नाही? जैसलमेरात जागेला काय भाव आहे माहिती आहे का?

चहाबाज
संरक्षित स्मारकात फ्लॅट विकायला काढला तर शापाआधी पोलीस येतील.

वाचनवेडा
@श्रद्धा_सबुरी, एकदम गेली असं कुणी म्हटलं? ८४ हा आकडा तर आपल्याकडेही चौऱ्याऐंशी लक्ष योनींपासून सगळीकडे असतो. ८४ ऐकलं की मी मोजणी नाही, परंपरा समजतो.

बखरबहाद्दर
मध्ये तोंड घालतो. सालिम सिंग काल्पनिक नाही बरं का. जैसलमेरात त्याची हवेली आहे, १८१५ची, वरचा मजला मोराच्या पिसाऱ्यासारखा पुढे आलेला. मेतकूट_भात, तुम्ही पाहिलीच असेल, किल्ल्याच्या खालीच आहे. ब्रिटिश अधिकारी कर्नल जेम्स टॉडच्या राजस्थानवरच्या ग्रंथात याच्याबद्दल इतकं कडू लिहिलंय की वाचताना टॉडचाही काही हिशेब राहिला होता की काय असं वाटतं. ग्रंथाचा दुसरा खंड १८३२चा, म्हणजे जवळजवळ समकालीन साक्ष. तिथे पालीवाल म्हणजे पैसेवाले, व्यापारात आणि सावकारीत मुरलेले लोक, आणि हा दिवाण त्यांना पिळून काढणारा.

म्हणजे जुलूम खरा, गावं सुटली हेही खरं. मुलीची कथा नंतर चिकटली असावी. "कर फार झाला म्हणून गाव सोडलं" ही गोष्ट शेकोटीपाशी कोण ऐकणार? मुलगी आणि शाप घातले की लोक पुढे सरकून बसतात.

कोल्हापूरचा_रस्सा
जीएसटीवर एक भुताची गोष्ट होऊ शकते की ओ मग.

मेतकूट_भात
बखरबहाद्दर, हवेली पाहिली ना. मामांनी तिथल्या माणसाला विचारलं, "याला इन्कमटॅक्सवाले नव्हते का?"

चहावाल्याने आम्हाला जे सांगितलं ते तुमच्या दोघांच्या मधलं होतं. त्याचं म्हणणं, "साहब, पानी भी गया, पैसा भी गया, फिर कोई क्यों रुके?" आणि भुताबद्दल विचारलं तर म्हणाला, भूत आहे म्हणूनच तर तुम्ही आलात, चहा घ्या.

बंधारा_काका
तीस-बत्तीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढली, म्हणून लिहितो. कुलधऱ्याला जाणारे ९९ टक्के लोक पडकी घरं बघतात आणि परततात. खरी बघायची गोष्ट घरांच्या बाहेर आहे. खडीन.

जैसलमेरात पाऊस किती? वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर, तोही लहरी. आपल्याकडे आटपाडी-माणला दुष्काळी म्हणतात, तिथे याच्या दुपटीहून जास्त पडतो. अशा जागी हे पालीवाल गहू आणि हरभरा काढत होते. कसा? सभोवती खडकाळ, उताराची जमीन असते, तिच्यात पाणी मुरत नाही. चार सरी आल्या तरी पाणी वाहतं. ते जिथे सखलात येतं तिथे आडवा लांबलचक मातीचा बांध घालायचा, जास्तीच्या पाण्याला सांडवा ठेवायचा. पाणी बांधाआड साचतं, वाहून आणलेला गाळ तिथे बसतो, पाणी मुरतं. पाणी ओसरलं की त्या ओलीवर रब्बी पेरायची. वरून पाणी द्यायचं नाही. काही ठिकाणी खाली जिप्समचा थर असतो, तो ओल खाली जाऊ देत नाही. बांधाच्या खालच्या बाजूला विहीर खणली की तिला मुरलेलं पाणी लागतं.

यातली गंमत अशी की खडीन एकट्याला करता येत नाही. उतार एकाचा, बांध दुसऱ्याच्या शेतात, पाणी तिसऱ्याकडे. सगळ्या गावाची एकी लागते. आपल्या धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीलाही हेच लागायचं, पांझरेच्या काठची जुनी माणसं सांगतील. एकी मोडली, दोन-चार घरं करापायी निघून गेली, की बांध कोण दुरुस्त करणार? एक पावसाळा बांध फुटलेला राहिला की पुढची साल गेली. म्हणून मला वाचनवेडा आणि बखरबहाद्दर यांच्या म्हणण्यात भांडण दिसत नाही. दिवाणाने माणसं हलवली, माणसं हलली म्हणून पाणी हललं, पाणी हललं म्हणून उरलेली माणसं हलली.

जैसलमेर जिल्ह्यात जुन्या खडिनांवर आजही शेती होते. जाणाऱ्यांनी रस्त्यात विचारावं, कुणीही दाखवेल. हिवाळ्यात वाळवंटाच्या मध्यात हिरवा चौकोन दिसला की समजावं.

श्रद्धा_सबुरी
बंधारा_काका, फार छान लिहिलंत. हे गाइडने सांगितलं असतं तर मी भुताचं नावही काढलं नसतं.
(शाप आहेच. पण छान लिहिलंत.)

भूगोलाचा_तास
भूकंपाचं कुणी बोललंच नाही. २०१७मध्ये काही भूवैज्ञानिकांनी मांडलं होतं की घरं ज्या तऱ्हेने पडली आहेत, तुळया आणि छपरं कोसळली आहेत, ते पाहता भूकंपाचा हात असू शकतो. त्या भागात कच्छपर्यंत जमीन हलत असतेच.

वाचनवेडा
असू शकतो. पण शे-दोनशे वर्षं दुरुस्ती न झालेली आणि लोकांनी दगड उचलून नेलेली घरंही तशीच पडतात. आमच्या सदाशिव पेठेतला वाडा भूकंपाशिवायच कुलधऱ्याच्या अवस्थेत आहे.

पुणेरी_पाटी
त्या वाड्यात भाडेकरू आहेत. भुतं परवडली, ती भाडं वाढवायला कोर्टात जात नाहीत.

रातकिडा
तुम्ही सगळे शहाणे दिवसा जाऊन आलात म्हणून बोलताय. आम्ही मित्र समहून रात्री परतत होतो. संध्याकाळी कुलधऱ्याचं फाटक बंद होतं हे माहीत होतं, म्हणून फक्त बाहेरून बघू म्हटलं आणि गाडी त्या रस्त्याला वळवली. दिवे बंद केले. काळोख असा की स्वतःचा हात दिसेना. आणि मग क्षितिजावर लाल डोळे उघडले. एक नाही, शेकडो. सगळे एकदम उघडायचे, एकदम मिटायचे. आमच्यातला सगळ्यात आडदांड गडी रामरक्षा म्हणायला लागला, तीही चुकीची. गाडी कशी वळवली ते आठवत नाही.

वाऱ्याची_वरात
ते पवनचक्क्यांचे दिवे होते.

चहाबाज
😂😂😂

वाऱ्याची_वरात
हसू नका, मी त्याच क्षेत्रात काम करते. जैसलमेर म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या पवनऊर्जा पट्ट्यांपैकी एक, हजार मेगावॉटच्या वर. उंच मनोऱ्यांवर विमानांसाठी लाल दिवे लावावे लागतात आणि एका पट्ट्यातले एकाच तालात लुकलुकतात. आमच्या साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर रात्री या, तिथेही पवनचक्क्या आहेत. रामरक्षा पाठ करून या मात्र.

रातकिडा
बरं. पण मग पैंजणाचा आवाज?

वाऱ्याची_वरात
गाडीत चावीला घुंगरू होतं का?

रातकिडा
...माझ्या बायकोला विचारतो.

दुबईचा_दामू
सालिम सिंगावरून आठवलं नाही, पण वाळूवरून आठवलं. इथे शारजाच्या बाजूला अल मदाम म्हणून एक पुरलेलं गाव आहे, दुबईहून तासाभरात. १९७०च्या दशकात बांधलेल्या घरांच्या दोन रांगा आणि एक मशीद. लोक निघून गेले आणि वाळू घरात राहायला आली. दारातून आत जावं तर बैठकीच्या खोलीत खिडकीपर्यंत टेकडी. जिन्न नावाच्या भुताने पळवून लावलं अशी कथा इथेही आहेच. पोरं भिंतींचा रंग बघत बसली, बायको म्हणाली, "एवढी वाळू झाडणार कोण?" तिला त्या गावातल्या बायका का गेल्या ते लगेच कळलं.

सिएरा_सदाशिव
आमच्याकडे कॅलिफोर्निया-नेव्हाडात अशी गावं पैशाला पासरी. सोनं सापडलं की गाव, संपलं की भूत. डेथ व्हॅलीच्या कडेला ऱ्हायोलाइट आहे. १९०५च्या सुमाराला उभं राहिलं, तीन मजली बँक, रेल्वे स्टेशन, वीज, सगळं. दहा वर्षांत ओस. तिथे १९०६मध्ये एकाने बाटल्यांचं घर बांधलं, सुमारे पन्नास हजार बाटल्या, बहुतेक बिअरच्या. आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हा घेऊन गेलो. आई घराभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाली, "एवढ्या बाटल्या रिकाम्या केल्यावर सोनं कधी काढत होते?"

आणि शापाचं म्हणाल तर बोडी नावाच्या गावाला. तिथून दगड-खिळा काहीही उचलला की घरी संकटं येतात अशी समजूत. लोक खरंच उचलतात, मग गाडी बिघडली, नोकरी गेली की क्षमापत्र लिहून टपालाने परत पाठवतात. अशी पत्रं तिथे जपून ठेवलीयत.

बखरबहाद्दर
ही युक्ती आपल्या पुरातत्त्ववाल्यांनी उचलावी. कुलधऱ्यात शाप आहे तो चुकीचा आहे. "इथे कुणी वसणार नाही" यापेक्षा "इथे भिंतीवर नाव कोरणाऱ्याचं लग्न मोडेल" असा हवा होता. एका देखण्या कोनाड्यावर बदामाच्या आत "संत्या + पिंकी" असं देवनागरीत, ठसठशीत. आणि खाली "इचलकरंजी".

कोल्हापूरचा_रस्सा
बदनामी. संत्या आमच्याकडचा असला तरी पिंकी निपाणीची असणार.

दगडधोंडे
नाव कोरण्यावर बोलताय तर डागडुजीवरही बोला. काही घरं आणि देऊळ नव्याने बांधून गुळगुळीत केलंय. प्रवाशाला घर कसं होतं हे कळावं म्हणून एखादं घर उभं करणं मी समजू शकतो, पण कडेला दिवे, बागा, फोटोच्या जागा? सदाशिवराव, बोडीचं धोरण वेगळं आहे ना?

सिएरा_सदाशिव
हो. जे आहे ते पडू द्यायचं नाही, पण नवंही करायचं नाही. खिडकीतून डोकावलं तर टेबलावर धूळ तशीच. छप्पर गळू नये म्हणून दुरुस्त करतात, रंग देत नाहीत.

वाचनवेडा
हे पटलं. तरी डागडुजी झालेली दोन घरं पाहिल्यावरच मला अंगण-ओटा-ओवरी यांची मांडणी कळली. नुसत्या ढिगाऱ्यातून कळली नसती. तेव्हा सगळंच वाईट नाही.

खान्देशी_बट्टी
एवढा धागा वाचला, जेवणाबद्दल कोणीच बोललं नाही. खाल्लं काय तिथे?

मेतकूट_भात
बरं विचारलंत! केर-सांगरी अप्रतिम, परतताना पाकिटं आणली. घोटुआ लाडू मामांनी "चवीपुरता" म्हणून अर्धा किलो संपवला. दाल-बाटी मात्र... सासूबाईंनी बाटी फोडायला पाटा-वरवंटा मागितला.

खान्देशी_बट्टी
बस, याचीच वाट बघत होतो. आमची वरण-बट्टी खाल्ली असती तर राजस्थानपर्यंत जायची गरज नव्हती. आधी उकडायची, मग कापून तुपात तळायची. बाहेरून खुसखुशीत, आतून मऊ. सोबत घोटलेल्या वांग्याची भाजी. निखाऱ्यात भाजलेला गोळा तुपात बुडवणं म्हणजे बट्टी नाही, ती शिक्षा आहे.

वऱ्हाडी_ठेचा
वरण-बट्टी वऱ्हाडातही होते बरं. एकट्याची मालकी सांगू नका.

मारवाडी_मुलुंडकर
तीन पिढ्या मुलुंडमध्ये आहोत, मराठी माध्यमात शिकलोय, पण बाटीबद्दल ऐकून घेणार नाही. ती गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर, संथ, तासभर. महामार्गावरच्या ढाब्यात खाऊन निकाल देऊ नका. आणि एक माहिती: माझ्या ओळखीतले पालीवाल राखीपौर्णिमा साजरी करत नाहीत. राजस्थानातल्या पाली या त्यांच्या मूळ गावावर हल्ला झाला तो त्या दिवशी, असं त्यांच्यात सांगतात. म्हणजे या लोकांनी गाव सोडणं कुलधऱ्यालाच पहिल्यांदा नव्हतं. पाली सुटली, म्हणून तर ते पालीवाल.

बखरबहाद्दर
मुलुंडकर, हा मुद्दा बाटीच्या खाली दडपला जाऊ नये. जे एकदा घर सोडून उभे राहिले त्यांना दुसऱ्यांदा सोडणं तितकं अशक्य वाटत नसावं.

पाखरवेडी
मूळ दुसरा प्रश्न: एका दिवसात काय बसवावं? माझं उत्तर, भूत सोडा, माळढोक बघा. तिकडे गोडावण म्हणतात. डेझर्ट नॅशनल पार्कात सुदासरीला अजून दिसतो, आणि समला त्याचं प्रजनन केंद्र आहे, २०१९पासून. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं, आणि आता तिथे माळढोक म्हणजेच भूत झालाय: सगळे सांगतात, दिसत कुणालाच नाही. आणि हो वाऱ्याची_वरात, तुमच्या पवनचक्क्यांच्या वीजवाहिन्यांना धडकून तो मरतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

वाऱ्याची_वरात
मान्य. पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि वजन जास्त, शेवटच्या क्षणी वळता येत नाही. तारा जमिनीखालून न्याव्यात हे आमच्यातलेही अनेकजण म्हणतात. वेगळा धागा काढा, मी येते.

घाटमाथा
रस्त्याचं कुणी सांगेल का? आम्ही ठाण्याहून निघतोय. अहमदाबादपुढे कोणता मार्ग?

मेतकूट_भात
आम्ही अहमदाबादला मुक्काम केला, मग थराद, सांचोर, बाडमेर, जैसलमेर. सांचोरपासून राष्ट्रीय महामार्ग ६८. रस्ता इतका सरळ आणि चांगला की झोप हाच खरा धोका. उंट रस्त्यात उभा असतो आणि हॉर्नचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही. बाडमेर-जैसलमेर रस्त्यावर, जैसलमेरच्या अलीकडे १७ किमीवर आकलचं जीवाश्म उद्यान आहे, झाडांची खोडं दगड झालेली, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची. जरूर थांबा. मामांनी एका खोडावर टकटक करून "सागवान" असा निर्णय दिला.

उडता_गालिचा
त्याच भागात महामार्गाचा एक तुकडा विमान उतरवण्यासाठी केलाय, सप्टेंबर २०२१मध्ये हवाई दलाच्या विमानातून दोन केंद्रीय मंत्रीच उतरले होते. घाटमाथा, मागून हॉर्न आला तर आरशात नीट बघा.

बंधारा_काका
मेतकूट_भात, तुमच्या दिरांसाठी माझा आराखडा. सकाळी लवकर कुलधरा, ऊन चढायच्या आत. तासाभरात होतं. तिथून पुढे खाबा. तेही पालीवालांचंच सोडलेलं गाव, वर छोटा किल्ला, किल्ल्यावरून खालची ओस घरं एका नजरेत दिसतात आणि गर्दी नसते. मोर भरपूर. कुलधऱ्यात जे समजत नाही ते खाब्याच्या तटावरून समजतं: गल्ल्या, घरांच्या ओळी, सगळा नकाशा. वाटेत एखादं खडीन. दुपारी शहरात परत, हवेल्या. संध्याकाळी किल्ला. सम सोडून द्या, उंटावर न बसल्याने कुणाचं काही अडत नाही.

श्रद्धा_सबुरी
खाब्याला भूत आहे का?

बंधारा_काका
मोर ओरडतात तेव्हा आहे असं वाटतं.

मेतकूट_भात
काका, आराखडा दिरांना पाठवला. जाऊबाई खूश. दीर म्हणतात खाबा ठीक, पण तनोटला, सीमेजवळच्या तनोट मातेच्या देवळात जायचंच, १९६५च्या युद्धातले न फुटलेले बॉम्ब बघायचेत. तनोट शहरापासून सव्वाशे किमी, म्हणजे जाऊन-येऊन दिवस संपला. आता त्यांच्या घरात कुलधरा विरुद्ध तनोट अशी फाळणी झालीय. सासूबाईंनी निकाल दिला: "मला न्या, मी सांगते कुठे जायचं." त्यामुळे त्या पुन्हा चालल्यात आणि मामाही.

पुणेरी_पाटी
दीर जैसलमेरच्या चारशे किमी आधीपासून "रस्ता बरोबर है ना" ऐकणार. हा शापच आहे.

घाटमाथा
धन्यवाद सगळ्यांना. खाबा पक्कं, बाटी मुलुंडकरांच्या घरी.

मारवाडी_मुलुंडकर
या. तूप कमी मिळणार नाही.

संपादक_मंडळ
बाटी-बट्टी वादाचे प्रतिसाद "खाऊगल्ली" विभागात स्वतंत्र धाग्यावर हलवत आहोत. कृपया इथे फक्त प्रवासाबद्दल लिहावे.

खान्देशी_बट्टी
हलवा, पण आधी उकडून घ्या.